आईच्या पसंतीची पुस्तकं

९ जानेवारी

ताई,

साष्टांग नमस्कार पुरा घालायला कोठडीत जागा नाही, तेव्हा अर्धा घातला असं समज.

इथे नवा नियम निघालाय. एका कैद्याजवळ पाचच पुस्तकं. काल साहेब स्वतः फिरून मोजून गेले. माझ्याकडे अकरा निघाली. महिनाअखेरपर्यंत पाच निवडायची, उरलेली वाचनालयात जमा. पुढे नवं हवं असेल तर जुनं एक द्यायचं.

हसू नकोस. अकरा वर्षं छापखान्यात मशीन चालवलं, हजारो पुस्तकांचे फर्मे डोळ्यांखालून गेले, पण त्यातली ओळ कधी वाचली नाही. शाई नीट बसली की नाही, एवढंच बघायचो. आणि आता निवड करायची वेळ माझ्यावर आलीय. त्या दिवशी बाइंडरशी भांडण झालं नसतं, तो लोखंडी दांडा माझ्या हाती लागला नसता, तर बाइंडर आज जिवंत असता आणि मी अजून अडाणीच असतो. या दोन गोष्टी मी एका तराजूत घालत नाही. पण इथे पाचवं वर्ष चालू आहे आणि वाचल्याशिवाय दिवस सरत नाही, हेही खरंय.

वाचनालय सांभाळणाऱ्या कैद्याला सगळे गुरुजी म्हणतात. त्यांना विचारलं, कशी निवडू? म्हणाले, "तिसऱ्यांदा वाचशील ते ठेव." ऐकायला बरं वाटलं, पण मी अकराच्या अकरा तीनदा वाचलीत. आता बोल.

म्हणून मी वेगळी युक्ती काढली. पुस्तक पाठवण्याआधी तू ते आईला वाचून दाखवतेस आणि पत्राच्या शेवटी "आईचं म्हणणं" म्हणून दोन ओळी लिहितेस ना, त्या सगळ्या मी एका कागदावर उतरवून काढल्यात. खटल्यापासून आई माझ्याशी चकार शब्द बोललेली नाही. एकदाही भेटीला आली नाही. पण गेल्या वर्षी या ओळी यायला लागल्या, आणि मला वाटायला लागलं की तोंड फिरवून का होईना, बाई बोलतेय. तेव्हा आईलाच विचार. ती म्हणेल ती पाच ठेवतो.

तुझा
ठोंब्या


२४ जानेवारी

ठोंब्या,

अर्धा नमस्कार पोचला. आशीर्वाद मात्र पुरा घे, त्याला जागा लागत नाही.

माझं शिवणकाम बरं चाललंय. सध्या चेन बदलायच्या पँटी फार येतात. थंडीत माणसं फुगतात की पँटी आकसतात, देव जाणे. आईला खोकला आहे. जीभ ठणठणीत.

तुझी अकराची यादी समोर घेऊन बसले आणि आईचं काय काय म्हणणं होतं ते, तेव्हा दोन ओळींत न मावलेलंही, आठवून लिहिते.

विहिरी खोदणाऱ्या माणसाचं पुस्तक. सात गावांत खोदतो आणि एकाही ठिकाणी पाणी लागत नाही ते. आईचं म्हणणं: "पाणी लागणार नाही हे मेल्याला तिसऱ्याच गावात कळलं होतं. घरी जायचं नव्हतं, म्हणून खोदत बसला." मी पुस्तक मिटायला गेले तर म्हणाली, "पुढे वाच." पहिल्या पानापासून शेवटापर्यंत तिने ऐकलेलं हे एकच. हे ठेव.

ती साडेचारशे पानांची रडकी कादंबरी. आईचं म्हणणं: "हिला दोन बादल्या धुणं काढून द्या, रडं आपोआप थांबेल." जमा कर.

मध्ये भिंत घालून घर वाटून घेणाऱ्या दोन भावांची गोष्ट. चाळिसाव्या पानावर तिने थांबवलं. "दोघेही मूर्ख. पण धाकट्याला निदान भिंत ओळंब्यात बांधता येते." तुला काय समजायचं ते समज.

पक्ष्यांचं चित्रांचं पुस्तक. ते तिने स्वतः हातात घेतलं, चष्मा लावून बघितलं. "एवढ्या पाखरांना नावं ठेवत बसायला या माणसाला वेळ कुठून मिळाला? माणसांना नावं ठेवताना मला दिवस पुरत नाही." तीन दिवस उशाशी होतं. मग तुला पाठवलं.

बाकीच्यांबद्दल फार काही बोलली नाही. घड्याळदुरुस्तीच्या पुस्तकाला तर झोपलीच.

ताई


१२ फेब्रुवारी

ताई,

तीन ठरली. विहीर, भिंत आणि पक्षी. आठ पुस्तकं गुरुजींच्या पुस्तकांच्या गाड्यावर नेऊन ठेवली. रडकी कादंबरी ठेवताना गुरुजी म्हणाले, "ही चांगली आहे रे, अर्धा तुरुंग रडलाय." मी म्हटलं, "आमच्या घरात चालत नाही." बोलून गेल्यावर माझं मलाच जरा उभं राहावंसं वाटलं. आमच्या घरात, म्हणालो मी. चार वर्षांत हा शब्द तोंडातून आला नव्हता.

विहीर पुन्हा वाचली. आईचं बरोबर आहे. तिसऱ्या गावात तो मूठभर माती हुंगतो आणि न बोलता फावडं उचलतो, तिथेच त्याला कळलेलं असतं. मी तीन वेळा वाचून माझ्या लक्षात आलं नव्हतं. भिंतीच्या पुस्तकाची शिलाई उसवली होती, ती मी धोबीखान्यातल्या दोऱ्याने घातली. बाइंडरचं काम बघून बघून येतं मला. ते करताना दोरा दोनदा खाली ठेवला, पण घातली.

आयुष्यात आवडनिवड म्हणून काही नव्हतं मला. जे समोर येईल ते जेवलो, जे मिळेल ते नेसलो. आता तीन पुस्तकं अशी आहेत की कुणी हात लावला तर मी सांगेन, का ठेवलीत ते. अजून दोन जागा रिकाम्या आहेत. जुन्या पुस्तकांच्या दुकानात बघ काही मिळतंय का. आधी आईला ऐकव. घाई नाही. तिला खोकला असेल तर रोज चारच पानं वाच.

ठोंब्या


२ एप्रिल

ठोंब्या,

उशीर झाला. शाळेच्या गणवेशांची घाई होती, काज-बटणं करून बोटं सुजली. रागावू नकोस.

दोन पुस्तकं पाठवतेय. एक चित्रांचं आहे. या चित्रकाराने जन्मभर आपलं स्वयंपाकघर सोडून दुसरं काही काढलं नाही. टेबल, एक उंच भांडं, दोन खुर्च्या, खिडकी. पुन्हा टेबल, पुन्हा भांडं. उजेड तेवढा बदलतो. आईचं म्हणणं: "दुसऱ्या खुर्चीवर कुणी बसत नाही. पण त्याने ती रोज पुसलीय."

दुसरं कवितांचं. मुखपृष्ठ फाटलेलं आहे, कवी कोण तेही कळत नाही. एकेक कविता चार ओळींची. आईचं म्हणणं: "थोडक्यात बोलणारा माणूस जास्त दिवस लक्षात राहतो."

आई बरी आहे. खोकला आता नाही.

ताई


२१ एप्रिल

ताई,

पाच झाली!

खुर्चीचं चित्र मी तासभर बघत होतो. ती पुसलेली आहे हे आईला कसं दिसलं गं? मला आधी नुसतीच खुर्ची दिसत होती. मग पाठीच्या लाकडावर ती उजेडाची बारीक रेघ दिसली. धूळ असती तर ती रेघ उमटली नसती. कवितांचंही तसंच. रोज एक वाचतो, दुसरी वाचायची नाही असा नेम केलाय.

पाचही पुस्तकांच्या पहिल्या पानावर मी आकडा घातला, एक ते पाच. गुरुजींनी विचारलं, "हा क्रम कुणी लावला?" म्हटलं, "आईने." म्हणाले, "तुझ्या आईने इथलं वाचनालय सांभाळायला हवं होतं." म्हटलं, "नको, ती सगळंच जमा करून टाकेल."

आता मुद्द्याचं. जुलैत माझी पाच वर्षं भरतात. दहा दिवसांची रजा मागता येते. अर्जावर घरच्यांची संमती लागते. तू सही देशील, ते माहीत आहे. पण आईला विचार. मी येऊ का, एवढंच. ती "नको" म्हणाली तरी चालेल. तिचा शब्द असला की झालं.

ठोंब्या


१० मे

ठोंब्या,

संमतीचा कागद सोबत आहे. आईचा हात थरथरतो म्हणून सही मी केली.

विचारलं तिला. आईचं म्हणणं: "ये म्हणावं. झालं ते झालं. आपलं माणूस ते आपलं माणूस."

आता अर्ज लवकर दे.

ताई


२९ मे

ताई,

तुझं पत्र आठ दिवस खिशात घेऊन हिंडलो. चार दिवस आनंदात गेले. पुढचे चार भीतीत.

आपल्या घरात दूध उतू गेलं तरी आई दोन दिवस कुणाला "झालं ते झालं" म्हणू द्यायची नाही. आणि "आपलं माणूस" हा शब्द ती फक्त भांडताना वापरायची. तुला आठवतंय ना, काकाला दारातून परत पाठवताना म्हणाली होती, "आपली माणसं आहेत म्हणूनच ओळखून आहे."

मग मी तो उतरवलेला कागद काढला. जानेवारीपर्यंतच्या प्रत्येक ओळीला दात आहेत. एप्रिलपासून एकाही ओळीला नाहीत. खुर्ची, कविता, आणि आता हे. सगळं मऊ. खोकला बरा झाला की माणसाची जीभ आणखी चालते, ताई. आपल्या आईची तर नक्कीच चालली असती.

गुरुजींना कागद दाखवला. त्यांनी दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "ही दोन माणसं आहेत." एवढंच. मग आपला गाडा ढकलत गेले.

आई कधी गेली?


१२ जून

ठोंब्या,

२० फेब्रुवारीला. दुपारी साडेतीनला. मी मशीनवर होते. ती म्हणाली, "पाणी दे." मी म्हटलं, "एवढी टीप मारते नि देते." टीप मारून उठले तोवर संपलं होतं. शेवटचं सगळं मीच केलं. शेजारचे चार जण आले होते.

तुला कळवायला बसले होते. २२ तारखेला तुझं ते पत्र आलं. आमच्या घरात चालत नाही, असं तू गुरुजींना म्हणालास ते. ते वाचलं आणि लिहिलेलं पत्र फाडलं. दुसरं लिहिलं, तेही फाडलं. शिक्षा झाली तेव्हा तू नऊ दिवस अन्नाला शिवला नव्हतास. नळी घालून जेवण घातलं होतं तुला. मला वाटलं, दोन महिने जाऊ देत, दोन पुस्तकं जाऊ देत, मग सांगू. मग तू पाच झाली म्हणून लिहिलंस. कधी सांगायचं तेच कळेना.

मातीला यायचा तुझा हक्क होता. तो मी घेतला. त्याबद्दल माफी माग म्हणालास तरी कुठल्या तोंडाने मागू?

खुर्ची आणि कवितांबद्दलचं मी लिहिलं होतं. चित्रं मी रिकाम्या खाटेवर पसरून बघितली, एकटीने. मला पहिल्यांदाच एखाद्या चित्राबद्दल काही वाटलं. ते माझ्या नावाने लिहिता आलं असतं. पण शिवणकामवालीने म्हटलं म्हणून तू ते पाचात ठेवलं असतंस का? खरं सांग. आईच्या नावाने म्हटलं की तू लगेच आकडा घालून मोकळा.

"ये म्हणावं" हे मात्र नुसतं खोटं. ते लिहायला नको होतं.

ताई


२५ जून

ताई,

रागावलो नाही. रागवायला अंगात काहीतरी लागतं.

खुर्चीचं पुस्तक तू म्हणालीस म्हणून मी ठेवलं नसतं. विचारलंस म्हणून सांगतो.

तीन गोष्टी विचारतो. विहीर, भिंत आणि पक्षी, यांच्याबद्दलचं तरी तिचंच ना? ही पुस्तकं माझ्याकडे येणार आहेत, हे तिला माहीत होतं ना? आणि शेवटी तिने माझं नाव घेतलं का?

गोड लिहिलंस तर आता मला कळतं.


९ जुलै

ठोंब्या,

विहीर, भिंत, पक्षी आणि ती रडकी कादंबरी. शब्द न् शब्द तिचा. त्यात मी काना-मात्रा बदललेला नाही.

दुसऱ्याचं उत्तर "नाही" असं आहे. पुस्तकं तुझ्यासाठी आहेत हे मी तिला कधी सांगितलं नाही. पहिलं पुस्तक आणलं तेव्हा सांगायला तोंड उघडलं होतं. तिने हातानेच गप्प केलं. मग मी म्हटलं, कपडे टाकायला येणाऱ्या एका बाईने वाचायला दिलंय. पुढची सगळी त्याच बाईची झाली. ती मधूनमधून विचारायची, "तुझ्या त्या बाईला दुसरा उद्योग नाही का?"

तिला कळलं असेल का, मला माहीत नाही. "कळलं असणारच" असं लिहायला हात शिवशिवतोय. लिहीत नाही.

तिसऱ्याचंही उत्तर "नाही" असंच. नाव घेतलं नाही. जाण्याच्या आठवडाभर आधी तिने बाइंडरच्या बायकोला बोलावून घेतलं. मला म्हणाली, "तू बाहेर बस." अर्धा तास दार लोटलेलं होतं. ती बाई बाहेर आली तेव्हा तिचे डोळे कोरडे होते. मी चहा विचारला, नको म्हणाली. आत गेले तर आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. "काय बोललात?" म्हटलं. म्हणाली, "आमचं आमचं." मग म्हणाली, "ते पाखरांचं पुस्तक परत देऊन टाकलंस?" मी हो म्हटलं. म्हणाली, "बरं."

इतकंच आहे. याच्यापुढे माझ्याकडे काही नाही.

रजेवर ये. घरात मी आहे.

ताई


२ ऑगस्ट

ताई,

पाचही पुस्तकं जमा केली.

विहीर उघडली की मी आईला शोधायचो. इथे ती हसली असेल, इथे गप्प बसली असेल. ती माझ्याशी बोलतेय असं धरून वाचत होतो. ती तर कपडे टाकणाऱ्या बाईशी बोलत होती. आता उघडलं की एक माणूस खड्डा खणतोय, एवढंच दिसतं. मला खरंच काय आवडतं, हे शोधायला बसलो दोन दिवस. काही सापडलं नाही. आकडे खोडून टाकले, तर गुरुजी रागावले, वाचनालयाचं पुस्तक खराब केलं म्हणून. मग म्हणाले, "बदल्यात कुठली देऊ?" म्हटलं, "कुठलीच नको."

रजेचा अर्ज मागे घेतला. तुझ्या गल्लीच्या टोकाला बाइंडरची बायको राहते. तिच्या दारावरून जाऊन मी दहा दिवस काय करू?

यापुढे पुस्तकं पाठवू नकोस. पुस्तकांबद्दल लिहूही नकोस.


१८ ऑक्टोबर

ठोंब्या,

ऑगस्टपासून हे तिसरं पत्र. आधीच्या दोन्हींचं उत्तर नाही.

परवा सोळा तारखेला भेटीला आले होते. सकाळी दहाला खिडकीत नाव दिलं. बाकावर बसले. एकेकाला हाक येत होती, माणसं आत जात होती, डोळे पुसत बाहेर येत होती. एक वाजता शिपाईबाई आली. म्हणाली, "तो नको म्हणतोय." मी म्हटलं, "कोण आलंय ते सांगितलंत का?" म्हणाली, "सांगितलं." मला वाटलं, मन बदलेल, म्हणून दोनपर्यंत बसले. ती बाई पुन्हा आली, तेव्हा विचारलं, जेवतो का? म्हणाली, जेवतो. कामाला जातो का? जातो. वाचतो का? तर म्हणाली, "ते आम्ही लिहून ठेवत नाही."

येताना पिशवी रिकामीच आणली होती. तू म्हणालास म्हणून.

पुस्तकांबद्दल लिहायचं नाही, तर दुसरं काय लिहू ते शोधतेय. पँटी येतायत. मशीनचा पट्टा तुटला होता, नवा घातला. आईची खाट शेजारणीला दिली, तिच्या सासूला हवी होती. जागा मोकळी झाली, पण तिथे ठेवायला काही नाही. बाइंडरची बायको मागच्या आठवड्यात कोटाचं अस्तर बदलायला टाकून गेली. माप घेताना मी काही विचारलं नाही, तिने काही सांगितलं नाही. शुक्रवारी न्यायला येईल.

झालं. पान अर्धंच भरलं.

तू हे वाचशील असं वाटत नाही. निदान पत्रं तपासणारे साहेब तरी वाचतात. साहेब, वाचून झालं की हे त्याच्या हातात द्या. नको म्हणाला तर फाडू नका. तुमच्याकडेच असू द्या.

ताई